हायस्कूलच्या मुलाचा दिवस घंटा ठरवते की बस?

मांडवीपार

पालक-शिक्षक संघासाठी एक पानभर माहितीपत्रक करायचं आहे. गोव्यात गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी करून मुलं पाचवीला हायस्कूलमध्ये येतात. शाळा लांब जाते, माध्यम इंग्रजी होतं, पुढे दहावीपर्यंत तोच दिनक्रम राहतो. घरच्यांना मात्र वाटतं, फक्त सुटायची वेळ बदलली.

सकाळच्या शाळेचा साचा साधारण असा धरलाय:

७:४५ प्रार्थना, प्रतिज्ञा, हजेरी
७:५५ ते १०:१५ पहिले चार तास, प्रत्येकी ३५ मिनिटं
१०:१५ ते १०:४० मधली सुट्टी
१०:४० ते १:०० उरलेले चार तास

पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे, शनिवारी तास कमी. माझं मत विचाराल तर हा तक्ता पत्रकात छापून काही उपयोग नाही. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोणकडे मुलाचा दिवस शाळेच्या घंटेवर चालत नाही, बसवर चालतो. उठणं, डबा, शिकवणी, झोप सगळं तिच्यामागून. पटतं का? आणि दिवस नेमका कुठे बिघडतो, का बिघडतो, हे जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'मुलांनी शिस्त पाळावी' छापाचे प्रतिसाद नकोत, ते स्नेहसंमेलनाच्या भाषणात असतात.

पहिला_बाक

बस. धागा संपला.

खाकी_दप्तर

संपला कसा, आत्ता कुठे सुरू झालाय. बालरथाचं (शाळेच्या बसचं) गणित आधी लिहा.

पिवळी बस एक आणि फेरे दोन, असं बऱ्याच ठिकाणी असतं. पहिला फेरा आतल्या वाड्यांचा, दुसरा हमरस्त्याजवळच्यांचा. म्हणजे ज्याचं घर सगळ्यात लांब, तोच सगळ्यात आधी शाळेत पोचतो. प्रार्थना ७:४५ ची असेल तर पहिला फेरा ६:३० च्या सुमारास निघतो, सात-सव्वासातला मुलं फाटकात. दुसऱ्या फेऱ्याची मुलं ७:३५ ला उतरतात. एकाच वर्गातली दोन मुलं, पण एक ५:३० ला उठतो आणि दुसरा ६:३० ला. दुपारी दुसऱ्या फेऱ्याची मुलं अर्धा-पाऊण तास फाटकाशी उभी. प्रवेश घेतानाच विचारा: आमचा वाडा कुठल्या फेऱ्यात?

बिघडतं कुठे? जादा तास, खेळाचा सराव, संमेलनाची तालीम असली की बालरथ थांबत नाही. त्या दिवसासाठी कदंबच्या (सरकारी बसच्या) आणि खासगी बसच्या वेळा वेगळ्या लिहून ठेवायच्या. दुपारी एक ते अडीच फेऱ्या पातळ असतात. खासगी बस स्टँडवर भरल्याशिवाय हलत नाही. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी बारदेशातल्या बसमध्ये दप्तर पाठीवर ठेवायला जागा नसते. दप्तर पुढे पोटावर घ्यायचं.

कदंबच्या विद्यार्थी पासाला शाळेचा दाखला आणि फोटो लागतो. सगळे पहिल्या आठवड्यात रांग लावतात. दाखला आधीच मागून ठेवला तर ती रांग टळते. पासावर मार्ग लिहिलेला असतो तो वाचा. खासगी बसचा कंडक्टर पास मानेलच असं नाही, म्हणून सुट्टे पैसे दप्तराच्या आतल्या कप्प्यात, रोज.

तारवट

चोडण, दिवाडी बेटांवरच्या मुलांना बसच्या आधी फेरीबोट आहे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही आणि रांगही नाही. रांग गाड्यांची. मुलाला स्कूटरवरून पलीकडे सोडायला जाणारे पालक त्या रांगेत अडकतात आणि मुलगा त्यांच्यामागे. धक्क्यापर्यंत सोडा, मुलाला चालत चढू दे, पलीकडून बस. २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो (गाड्या नेणारी मोठी फेरीबोट) आली, तरी चालत चढणारा पोर स्कूटरच्या पुढेच राहतो.

मिरसांग

डब्याबद्दल कोणी बोलेना म्हणून मी.

६ ला भरलेला डबा १०:१५ ला उघडतो. सव्वाचार तास, बंद दप्तरात, आपल्या दमट हवेत. गरम भरलात तर वाफेचं पाणी झाकणाला जमतं आणि तेच अन्नावर गळतं. चपात्या ओल्या, पोह्यांचा गोळा. पंख्याखाली ताटात पसरून दहा-बारा मिनिटं निववा, मग भरा. ती दहा मिनिटं नसतील तर आदल्या रात्री कांदा-बटाटा चिरून ठेवा. घाई चिरण्यात होते, शिजण्यात नाही.

ओल्या खोबऱ्याची कच्ची चटणी एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात डब्यात नको, सुट्टीपर्यंत आंबते. तोंडाक (रश्शाची उसळ) नको, सांडतं, आणि भूगोलाची वही वर्षभर मसाल्याच्या वासाची राहते. सुकी बटाट्याची भाजी, मुगाची मोकळी उसळ, अंड्याची पोळी, ही चालतात. पोईला (गोल गावठी पाव) आत पोकळी असते, सुकी भाजी भरली तर हाताला लागत नाही आणि चमचाही लागत नाही. पण पोदेर (पाववाला) काही वाड्यांवर सातला पोचतो, बस साडेसहाला गेलेली असते. तिथे संध्याकाळच्या फेरीची पोई घ्यायची, सकाळी तव्यावर अर्धा मिनिट दोन्ही बाजूंनी. तशीच दिली तर चामडं.

प्रमाण: नववी-दहावीच्या मुलाला दोन पोया किंवा तीन चपात्या. जास्त दिलं तर उरतं, कारण २५ मिनिटांत पाच हात धुण्याच्या रांगेत जातात आणि दहा मैदानासाठी राखलेली असतात. ती ते सोडणार नाहीत.

पहिला_बाक

पाव-भाजी शाळेतच मिळते की!

मिरसांग

मिळते, स्वयंसाहाय्य गट करून आणतात. पण माध्यान्ह आहाराची केंद्राची योजना आठवीपर्यंतची. त्या मुलांचा डबा हलका ठेवा, एक केळं आणि चार बदाम पुरे. मोठ्या वर्गांसाठी कॅन्टीन असेल तर ठीक. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत.

पहिला_बाक

म्हणून गाडो ५१ व्या मीटरवर असतो होय! खिक्.

घंटा_वाजली

मांडवीपार, तुमच्या मूळ मुद्द्याशी असहमत. बस सकाळ ठरवते. दिवस ठरवते ती दुपार.

हिशेब मांडतो. १ ला सुटका, २ ला घरी. शीत-कडी (भात-आमटी), नुस्ते (मासे). २:३० ला आडवा. ५ ला उठला. शिकवणी ५:३० ते ७, मग आंघोळ, गृहपाठ ८ ला सुरू. अडीच तास झोपून उठलेल्या मुलाला रात्री १० ला झोप येत नाही. ११:३० ला दिवा बंद. उठणे ५:४५. सव्वासहा तास. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात. मग पहिल्या तासाला मुलगा डोळे उघडे ठेवून झोपतो, आणि आम्ही समजतो त्याला बीजगणित आवडत नाही.

या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते. झोपेची वेळ झाली असे मेंदूला सांगणारे मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा उशिरा स्रवते. म्हणून 'लवकर झोप' असे ओरडून काही होत नाही. दुपारची झोप कापावी लागते. पंचवीस मिनिटे, फार तर तीस. त्यापुढे गाढ झोप लागते आणि उठल्यावर तासभर डोके जड राहते. साडेतीननंतर झोपूच नये. गजर उशाशी नको, हात नेऊन बंद होतो. फडताळावर ठेवा.

जेवणानंतरची जडपणाची वेळ वाया जात नाही, तिला हलकी कामे द्यायची: दप्तर रिकामे करणे, उद्याचे भरणे, नकाशे, आकृत्या, शुद्धलेखन. गणित ४ नंतर.

नववी_ब

मास्तर, पंचवीस मिनिटं म्हणजे कडी पोटात उतरायच्या आत उठायचं. आम्ही पण वाचतोय हं हा धागा.

घंटा_वाजली

वाचतोय, मग गृहपाठ झाला असणार.

नववी_ब

रेंज गेली.

खाकी_दप्तर

हसून हसून पुरेवाट. पण मास्तर, तुमच्याच हिशेबात २ ला घरी पोचणं बसनेच ठरलं ना? १:१० ची बस चुकली तर २:४५. मग जेवण ३:१५ ला, आणि तुमची साडेतीनची सीमा तिथेच मोडली. मांडवीपारचं अर्धं तरी मान्य करा.

घंटा_वाजली

अर्धे मान्य. त्या दिवशी झोप नाहीच, असे ठरवून टाकावे.

पागोळी

जून ते सप्टेंबरसाठी वेगळं पान लागेल. सत्तरीत किनाऱ्यापेक्षा पाऊस जास्त. हे लिहून घ्या.

गणवेश दोन जोड पुरत नाहीत, तीन हवेत. जाड सुती पँट घरात दोन दिवस वाळत नाही. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड रात्रभर पंख्याखाली वाळतं. अर्धवट ओली पँट इस्त्रीने वाळवली की कुबट वास येतो आणि शिवणीला ओल राहते, तिथेच मांडीला खाज सुटते. बऱ्याच शाळा पावसात काळ्या सँडल चालवून घेतात, आधी विचारा. बूटच हवे असतील तर आल्याआल्या आतला तळ काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी ते बदलायचे. बदलले नाहीत तर बोळ्यातली ओल परत बुटात.

वह्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दप्तरात, दप्तरावर कव्हर. नुसतं कव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं आणि रेनकोटवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत जातं. जेल पेन पावसाळ्यात बंद. पान ओलं झालं की शाई पसरते, साधा बॉलपेन टिकतो. रेनकोट की छत्री? बसमध्ये चढणाऱ्याला रेनकोट, कारण ओली छत्री शेजाऱ्याच्या मांडीवर. फक्त शाळेत तो दप्तराला चिकटवून न ठेवता खुंटीला.

रेड अलर्ट असला की सरकार सुट्टी जाहीर करतं, कधी रात्री उशिरा. व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना आदेश ओळखायचा असेल तर वरची तारीख वाचा. तारीख कापलेली असेल तर मुलाला उठवा आणि तयार करा.

नववी_ब

तारीख कापलेलीच बरी.

वजनकाटा

दप्तर. केंद्राच्या २०१८ च्या परिपत्रकात मर्यादा दिली होती: सहावी-सातवीला ४ किलो, आठवी-नववीला ४.५, दहावीला ५; २०२० च्या दप्तर धोरणाने ती आणखी खाली आणली. प्रत्यक्षात कुठे जातं वजन? रिकामं दप्तरच पाऊण किलोच्या आसपास. स्टीलची एक लिटरची भरलेली बाटली सव्वा किलो. दोनशे पानी लांब वही तीनशे ग्रॅमच्या घरात, तशा सहा म्हणजे पावणेदोन किलो. पुस्तकं अजून मोजलीच नाहीत.

तीन गोष्टी करता येतात. शाळेत पाण्याची सोय चांगली असेल तर बाटली अर्धी न्यायची आणि सुट्टीत भरायची, अर्धा किलो तिथेच वाचतो. दोनशे पानीऐवजी शंभर पानी वही, सत्रानुसार बदलायची. आणि शेजारच्या मुलाशी पुस्तकं वाटून घ्यायची, एकाचं विज्ञान, दुसऱ्याचं समाजशास्त्र. या तिसऱ्या उपायात धोका हा की एक जण गैरहजर राहिला तर दोघे उघडे पडतात, म्हणून शिक्षकांना आधी सांगून ठेवावं. वजन करायला वेगळा काटा नको. मूल दप्तरासकट उभं करा, मग दप्तराशिवाय.

सुशेगाद_नाही

शिकवणीवर कोणीच भांडत नाही हे बघून आश्चर्य वाटलं. माझं मत: आठवीपर्यंत शिकवणी नको. आठ तास शाळेत ऐकलं, परत दोन तास ऐकायचं, मग स्वतः करायचं कधी? गणित ऐकून येत नाही.

खाकी_दप्तर

घरात इंग्रजीतून विज्ञान समजावणारं कोणी नसेल तर? तुमचं मत शहरातल्या सुशिक्षित घराला ठीक आहे. गावातले पालक हौस म्हणून पाठवत नाहीत.

सुशेगाद_नाही

मान्य, अडचण खरी आहे. पण मग विषय एकच लावा, सगळे नाही. आणि जागा बघा. शिकवणी तालुक्याच्या गावात ४ ला, घर बारा किलोमीटरवर. मुलगा २ ला घरी, ३:१५ ला परत बसथांब्यावर. रोज दीड तास निव्वळ प्रवासात. त्यापेक्षा दुसरा डबा द्या, मुलगा गावातच थांबू दे, गृहपाठ तिथेच ग्रंथालयात उरकू दे. पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तालुक्यांतही सरकारी ग्रंथालयं आहेत. संध्याकाळी घरी आला की दप्तर बंद.

मिरसांग

दुसऱ्या डब्यात सकाळी ६ ची माशाची कडी साध्या स्टीलमध्ये नको. १:३० पर्यंत टिकवायची तर थर्मास डबा हवा. तो आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून तापवायचा, ओतून टाकायचं, आणि कडी चुलीवरून थेट. इथे निववायचं नाही, वरच्या डब्याच्या बरोबर उलट. कोमट भरलं की दुपारपर्यंत नासलंच.

आगरवाडा

अवांतर: पहिल्या सत्राची परीक्षा आणि नरकासुर (दिवाळीला जाळायचा पुतळा) एकाच पंधरवड्यात येतात, यावर कोणी लिहिणार का? मुलगे रात्री दोनपर्यंत मांडावर.

पहिला_बाक

अवांतर कसलं, हाच मुख्य विषय.

उशीर का होतो? सांगाडा आणि गवत भरणं दोन संध्याकाळचं काम. मुखवटा वेळ खातो. कागदाचे थर खळीत भिजवून लावायचे, एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की थर वाळतच नाही. पोरं आधी सांगाडा उभारतात, कारण तो दिसतो, आणि मुखवटा शेवटच्या तीन रात्रींवर येतो. उलट करा. परीक्षेच्या आधीच्या रविवारी मुखवट्याचे पहिले दोन थर, मग आठवडाभर तो छपराखाली वाळू दे, तुम्ही पेपर द्या. शेवटच्या पेपरानंतर रंग आणि सांगाडा.

घंटा_वाजली

प्रथमच उपयुक्त प्रतिसाद. जतन करून ठेवतो.

सुशेगाद_नाही

मैदानाचंही लिहा. साडेचार ते सहा खेळणाऱ्या मुलाला 'दहावी आहे' म्हणून घरी बसवतात. बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे गुण मिळतात, तालुका, जिल्हा, राज्य पातळीवरच्या सहभागावर. त्यासाठी प्रमाणपत्रं वेळेवर शाळेत जमा लागतात. बहुतेकांचे गुण हुकतात ते खेळ कमी पडल्याने नव्हे, कागद कपाटात राहिल्याने. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात मूळ प्रत दाखवून झेरॉक्स वर्गशिक्षकांकडे द्यायची.

पागोळी

एप्रिलचं सत्र विसरलात सगळे. २०२५ मध्ये वरच्या वर्गांचं नवं वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं, मध्ये मे महिन्याची सुट्टी, जूनमध्ये परत. एप्रिलमध्ये शिकवलेलं जूनमध्ये कोरं असतं. मेमध्ये रोज अभ्यास कोणी करत नाही आणि करूही नये, पण शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात त्या वह्या एकदा उघडून तीच उदाहरणं न बघता सोडवून बघावी. दहावीचं तर अजून घट्ट झालंय. २०२४ ला बोर्डाची परीक्षा १ एप्रिलला सुरू झाली, २०२५ ला १ मार्चला. उजळणीचा एक महिना गेला.

घंटा_वाजली

आता मूळ प्रश्नाकडे. पत्रक पाचवीच्या पालकांसाठी आहे ना? मग बसइतकाच मोठा अडथळा माध्यमाचा आहे, आणि तो रोज संध्याकाळी घरातच बिघडतो.

मराठीतून चौथी झालेल्या मुलाला बेरीज येते, पण प्रश्न वाचता येत नाही. घाबरून पालक उत्तरे पाठ करून घेतात. चाचणीत आकडे बदलले की मूल तेच पाठ उत्तर लिहिते. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. एक छोटी वही, रोज पाच शब्द, गणित आणि विज्ञानाच्या त्या दिवसाच्या पानावरचेच. शब्द, मराठी अर्थ, जमेल तिथे चित्र. गृहपाठाचा प्रश्न आधी मराठीत तोंडी सांगायला लावायचा, मग इंग्रजीत लिहायला. शेवटी प्रश्नातला एक आकडा किंवा एक नाव बदलून विचारायचा. अडला तर समजले नाही, एवढेच. यात वीस मिनिटे जातात. सुरुवातीचे दोन महिने हे केले तर दिवाळीपर्यंत मूल स्वतः वाचू लागते.

ही वीस मिनिटे संध्याकाळी साडेसहाची धरा. पावसाळ्यात आठनंतर वीज जाते.

मांडवीपार

भरपूर मिळालं, धन्स. पानाचा कच्चा आराखडा असा होतोय: वरती रिकाम्या जागा, पालकांनी भरायच्या. आपला फेरा पहिला की दुसरा, बस चुकली तर पुढची किती वाजता, बालरथ नसेल त्या दिवशी कोण आणणार. मग डबा चार ओळी, दुपारची झोप दोन ओळी, शब्दांची वही, मागच्या बाजूला पावसाळा. शेवटी 'दर रविवारी दप्तराचं वजन करा'. नरकासुर गाळतोय, मुख्याध्यापक बघणार आहेत.

बस आणि दुपार यांच्यात निकाल लावत नाही. रिकाम्या जागा बसच्या आहेत, सल्ले दुपारचे.

पहिला_बाक

नरकासुराचा निषेधार्ह अपमान.

वजनकाटा

रविवारी दप्तर रिकामं असतं हो. ज्या दिवशी सगळ्यात जास्त विषय त्या दिवशी, निघताना, बाटली भरून करा. आणि दर आठवड्याला कोणी करणार नाही, महिन्यातून एकदा लिहा.

तारवट

फेरीची ओळ घाला. आमच्याकडे बालरथाचा रकाना रिकामाच राहील.

मांडवीपार

दोन्ही घातलं. झेरॉक्स उद्या. मिरसांगबाय, थर्मासाचं वाक्य दोनदा वाचून द्याल का, 'निववा' आणि 'निववू नका' एकाच पानावर आलंय, लोक गोंधळतील.

मिरसांग

पहिल्याच्या पुढे 'साधा डबा' लिहा, दुसऱ्याच्या पुढे 'थर्मास'. झालं.